आजीचे गुडघे आणि शरीराचं पुनरुत्थान

गेल्या वर्षी जूनमध्ये आमची आजी गेली. नगर जिल्ह्यातलं गाव, आदल्या रात्री पावसाची पहिली सर येऊन गेलेली. कबर खणणाऱ्या पोरांना माती मऊ लागली, त्यावरून 'म्हातारीनं जाताना पण कुणाला त्रास दिला नाही' असं बायका एकमेकींना सांगत होत्या. पाळकसाहेबांनी वचन वाचलं, प्रार्थना केली, मग सगळ्यांनी मिळून मतांगीकार म्हटला. मतांगीकार म्हणजे आपला कशाकशावर विश्वास आहे त्याची जुनी, पाठ केलेली यादी. तिच्या अगदी शेवटी शरीराचं पुनरुत्थान येतं. त्यानंतर पेटी खाली उतरवली आणि मंडळीनं गीत धरलं. नदीपलीकडच्या सुंदर देशाचं, पैलतीरावर भेटण्याचं. इंग्रजी चाल, आजीचं आवडतं.

मी रडत होते, पण डोक्याचा एक कोपरा कामाला लागला होता. (पीएचडी करणाऱ्यांना हा आजार असतो.) दहा मिनिटांच्या अंतरानं आम्ही दोन वेगळ्या गोष्टी म्हटल्या होत्या. आधी म्हटलं, हे जे शरीर आपण मातीत ठेवतोय ते उठणार आहे. मग गायलो, ती इथे नाहीच, ती केव्हाच पलीकडे पोहोचली. शरीराचं काय, ते गीतानं सांगितलंच नाही.

त्याच संध्याकाळी मी मावशीला म्हणाले, "मावशी, गीत खरं तर चुकीचं होतं." मावशीनं चहाचा कप खाली ठेवला. "तुझ्या आजीनं पन्नास वर्षं म्हटलेलं गीत चुकीचं?" पुढे आठ दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. पण माझं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं, असं मला अजून वाटतं, आणि हा लेख त्यासाठीच आहे. ख्रिस्ती गीतांमधली मृत्यूची भाषा हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यातला हा एक तुकडा तुमच्यासमोर मांडते.

आधी फरक नीट बघू, कारण मराठी वाचकाची इथेच गफलत होते, आणि त्यात आपला दोष नाही. आत्मा अमर, देह नश्वर, जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा आत्मा देह टाकतो, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे, घर कुठल्याही धर्माचं असो. प्लेटोच्या 'फेडो'मध्ये सॉक्रेटिसही विषाचा प्याला घेण्याआधी मित्रांना साधारण याच दिशेचं काहीतरी समजावतो. त्याच्या दृष्टीनं मरण म्हणजे सुटका. ख्रिस्ती धर्माचा मूळ दावा मात्र विचित्र आहे. तो म्हणतो की मरण सुटका नाही, शत्रू आहे, आणि शत्रूचा पराभव म्हणजे त्यानं नेलेलं परत मिळणं. पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात बियाण्याचा दाखला देतो. पेरतो ते एक दिसतं, उगवतं ते वेगळं, पण उगवतं त्याच दाण्यातून. तिथेच तो 'आध्यात्मिक शरीर' असा शब्द वापरतो आणि सगळा घोळ करून ठेवतो. ऐकणाऱ्याला वाटतं की आत्म्याचं, म्हणजे हवेसारखं काहीतरी. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की त्या विशेषणाचा रोख शरीर कशाचं बनलंय याकडे नाही, ते कशाच्या बळावर चालतंय याकडे आहे. वाऱ्यावर चालणारं जहाज वाऱ्याचं बनलेलं नसतं, तसं.

ऑस्कर कुलमान या अभ्यासकानं १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक व्याख्यान दिलं. त्यात त्यानं सॉक्रेटिसचं शांत मरण आणि गेथशेमाने बागेतला घामाघूम, घाबरलेला येशू असे शेजारी उभे केले आणि विचारलं, आत्म्याचं अमरत्व की मृतांचं पुनरुत्थान? दोन्ही एकदम कसं म्हणता? हे व्याख्यान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भारावून गेले. आता वाटतं की कुलमानची रेघ जरा जास्तच सरळ आहे. येशूच्या काळाच्या आसपासचे सगळे यहुदी काही एकाच पद्धतीनं विचार करत नव्हते. 'शलमोनाचं ज्ञान' या ग्रंथात नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात सुखरूप असल्याचं म्हटलेलंच आहे. पण गीतं वाचायला कुलमानचा प्रश्न अजूनही उपयोगी पडतो. कुठलंही अंत्यविधीचं गीत घ्या आणि विचारा: या गीतात शरीर कुठे आहे?

आता माझ्या सगळ्यात आवडत्या माणसाकडे येते. प्रुडेन्टियस. जन्म ३४८, स्पेनमधला. वकिली केली, मोठ्या सरकारी हुद्द्यावर चढला आणि उतारवयात सगळं सोडून लॅटिनमध्ये धार्मिक कविता लिहायला बसला. त्याच्या 'कॅथेमेरिनॉन' या बारा गीतांच्या संग्रहातलं दहावं गीत मृताला पुरण्याच्या वेळचं आहे. मी ते वाचलं तेव्हा उठून खोलीत दोन चकरा मारल्या. तो मातीशी बोलतो. आईशी बोलावं तसा. हे शरीर तुझ्या मऊ कुशीत घे, म्हणतो, सांभाळ. मग कायद्याच्या माणसाचा शब्द वापरतो: ठेव. शरीर मातीकडे ठेव म्हणून दिलंय, ज्यानं ते घडवलं तो विसरणारा नाही, परत मागायला येणार. ठेवीवर सावकाराचा हक्क नसतो, हे कोर्टात आयुष्य घालवलेल्या माणसाला चांगलं माहीत होतं.

आणि मग तो अवघड जागेला हात घालतो. हाडांचा भुगा झाला तर? उरलेली राख लहानशा मुठीत मावेल एवढीच असली तर? वाऱ्यानं ती धूळही उडवून नेली तर? तरीही माणूस नाहीसा झाला असं होऊ दिलं जाणार नाही, असं त्याचं उत्तर. हे उत्तर कसं सिद्ध करायचं, ते तो सांगत नाही. तो वाळक्या बियांकडे बोट दाखवतो आणि पुढे जातो. पण अडचण लपवत नाही. माझ्या दृष्टीनं चांगल्या गीताची पहिली खूण हीच. कबरीपाशी उभ्या असलेल्या माणसाला जे डोळ्यांसमोर दिसतंय ते गीतालाही दिसलं पाहिजे.

ही मूठभर राखेची ओळ आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांना आज जास्त जवळची वाटावी. मुंबईतल्या कबरस्तानांत जागा नाही. कबर काही वर्षांनी पुन्हा उघडते, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात जातात आणि त्याच खड्ड्यात दुसरं कुणीतरी झोपतं. कॅथलिक चर्चनं १९६३ साली दहनाला परवानगी दिली, २०१६ साली रक्षा विखरू नका, पवित्र जागी ठेवा असं पुन्हा बजावलं. दहन केलं तर मग उठायचं कसं, हा प्रश्न कितीतरी घरांत विचारला जातो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका वकिलानं त्याचं उत्तर गाऊन ठेवलंय, पण ते आपल्या गीतपुस्तकांपर्यंत पोहोचलेलं नाही.

युरोपात मात्र प्रुडेन्टियस टिकला. बोहेमियन बंधुमंडळीतल्या मिखाएल वाइसं यानं १५३१ च्या जर्मन गीतसंग्रहात शरीर पुरताना म्हणायचं एक गीत दिलं. त्यात प्रुडेन्टियसची छाया स्पष्ट आहे. हे शरीर आपण मातीला देतोय, ते उठेल याची खात्री आहे, असा साधा, कामाचा सूर. ते लोक चालता चालता, फावडी हातात असताना म्हणत असतील असं वाचताना वाटतं. पुढे ब्राम्सनं १८५८ मध्ये याच शब्दांना संगीत दिलं आणि त्यात एकही तंतुवाद्य ठेवलं नाही. नुसती फुंकवाद्यं, टिंपनी आणि गायक. यूट्यूबवर ऐका. सुरुवातीला पावलं मोजल्यासारखं वाटतं.

जर्मन परंपरेतलंच दुसरं गीत १६५३ साली बर्लिनमध्ये छापलं गेलं, योहान क्रुगरच्या चालीचं. ते ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरची पत्नी लुईझ हेन्रिएटे हिच्या नावावर सांगतात, पण ते तिनंच लिहिलं याला भक्कम पुरावा नाही. त्यात गाणारा म्हणतो की हीच त्वचा मला पुन्हा वेढेल आणि याच डोळ्यांनी मी बघेन. आधार ईयोबाच्या १९व्या अध्यायाचा. इथे थोडं भाषाशास्त्र सहन करा, मजा आहे त्यात. ईयोब म्हणतो की माझ्या मांसा-'पासून' मी देवाला पाहीन. आता हिब्रूतलं ते शब्दयोगी अव्यय दोन्ही अर्थांनी चालतं: देहातून बाहेर बघावं तसं, किंवा देहापासून सुटून. म्हणजे 'सदेह' की 'विदेह', एका छोट्या अव्ययावर टांगलेलं! त्या मूळ ओळीत खात्री नाही. खात्री गीतानं आणली. भाषांतरकार अडखळतो तिथे गाणारा पुढे जातो, कारण तो शब्दकोशाच्या आधारे गात नसतो, त्याच्या पुढ्यात कुणाची तरी पेटी असते.

इंग्रजीत काय झालं? आयझॅक वॉट्सचा १७०७ चा संग्रह उघडा. त्यात एक गीत आहे ज्यात नदीपलीकडे हिरवागार सुखाचा देश दिसतो आणि मधली अरुंद नदी म्हणजे मरण. त्याच संग्रहात दुसरं गीत आहे, जे सरळ विचारतं की हे शरीर मरणारच का, ही काया कुजणारच का, आणि उत्तर देतं की हो, पण मातीवर वरून कुणाचं तरी लक्ष आहे, ती पुन्हा घडवली जाईल. दोन्ही एकाच माणसाची. पहिलं जगभर पसरलं, दुसरं संशोधकांच्या वाट्याला आलं. मला वाटतं यात वॉट्सचा काही दोष नाही, निवड गाणाऱ्यांची आणि संपादकांची. नदी डोळ्यांसमोर येते, तिला चाल पटकन बसते. 'कुजणे' हे क्रियापद सुरात घेणं कठीण.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नदीची ही कल्पना अक्षरशः महापुरासारखी वाढली. १८६८ साली सॅनफर्ड बेनेट आणि जोसेफ वेबस्टर या दोघांनी विस्कॉन्सिनमधल्या एल्कहॉर्न गावात एक गीत रचलं. त्यातला तो सुंदर किनारा तुम्ही नक्की ऐकलेला आहे, निदान चाल तरी. त्याच्या तीनच वर्षं आधी तिथलं यादवी युद्ध संपलं होतं. ड्रू गिल्पिन फॉस्ट या इतिहासकार बाईंचं २००८ चं पुस्तक आहे त्या युद्धातल्या मृत्यूंवर. मुलं कुठल्या शेतात पडली, कुठे पुरली, हे हजारो घरांना कधी कळलंच नाही, याचं विदारक चित्र त्यात आहे. शरीरच हाती आलं नाही तर शरीराचं गीत कशावर म्हणायचं? मग किनारा उरतो. त्याच युद्धातलं सैनिकांचं कूचगीत आठवा: जॉन ब्राऊनचं शरीर कबरीत कुजतंय, पण आत्मा चालतोय. एका वाक्यात अख्खी शतकभराची विभागणी. हे स्पष्टीकरण मी फार ताणणार नाही, कारण किनाऱ्याची गीतं युद्धाआधीही होती. पण युद्धानंतर ती का पुरली, हे थोडं कळतं.

होरेशियो स्पॅफर्डची गोष्ट बहुतेक ख्रिस्ती घरांत माहीत असते. १८७३ च्या नोव्हेंबरमध्ये 'व्हिल द्यु हाव्र' हे जहाज अटलांटिकमध्ये बुडालं आणि त्याच्या चारही मुली गेल्या. त्यानंतर त्यानं माझ्या जिवाचं सगळं ठीक आहे असं सांगणारं ते गीत लिहिलं. त्याबद्दल वाईट बोलायची माझी हिंमत नाही. आमच्या घरात ते तीन मयतांना म्हटलंय. तरी वाचताना एक गोष्ट खटकते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेवटी कर्णा वाजतो, आकाश गुंडाळलं जातं, प्रभू खाली येतो. म्हणजे पुनरुत्थानाची सगळी मांडणी हजर. उठणारं कुणीच नाही. बहुतेक पुस्तकांतून गाळलेल्या एका कडव्यात तर तो स्पष्टच म्हणतो की आपलं गन्तव्य आकाश आहे, कबर नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायात, समुद्र आपल्यातले मृत परत देतो असं दृश्य आहे. समुद्रात चार मुली गमावलेल्या बापाला ते माहीत नसेल? नक्कीच असेल. तरी त्यानं ते घेतलं नाही. कदाचित तेवढं स्पष्ट बघणं त्याला झेपलं नसेल. मी इथे टीकाकार म्हणून थांबते. माणूस म्हणून पुढे काही विचारायचा मला हक्क नाही.

याच्या उलट टोकाला आफ्रिकन-अमेरिकन परंपरेतलं हाडांचं गाणं. यहेज्केलच्या ३७व्या अध्यायातलं सुक्या हाडांचं खोरं, आणि पायाचं हाड घोट्याला, घोट्याचं नडगीला असं एकेक जोडत जाणारं. शाळेत आपण ते शरीराचे अवयव शिकायला म्हणतो आणि हसतो. मूळ संदेष्ट्याचा रोख इस्राएल राष्ट्र पुन्हा उभं राहण्यावर आहे, व्यक्तीच्या पुनरुत्थानावर नाही. पण ज्यांच्या आजोबांची शरीरं वजन-उंची-दात बघून बाजारात विकली गेली, त्यांनी हाडं मोजून जोडणारं गाणं म्हणणं याचा अर्थ वेगळाच होतो. विकलेलं शरीर मालकाकडे राहणार नाही, तुकडान् तुकडा परत. 'आत्मा अमर' हे मालकालाही चाललं असतं.

आणि मधला मार्ग? विल्यम हाऊ या इंग्लिश पाळकाचं १८६४ चं सर्व संतांच्या दिवसाचं गीत. एन. टी. राईट हे नव्या कराराचे अभ्यासक एरवी गीतांवर बरंच तोंडसुख घेतात, पण याचं कौतुक करतात, आणि मला ते पटतं. कारण हाऊ क्रम पाळतो. आधी थकलेल्यांना विश्रांती, संध्याकाळ, शांत स्वर्ग. आणि तिथे गीत संपवत नाही. त्यानंतर आणखी एक, जास्त तेजस्वी दिवस उगवतो आणि संत उठतात. म्हणजे मेल्यावर प्रभूजवळ असणं हे खरं, पण ती प्रतीक्षा. मुक्कामाचं स्टेशन पुढेच आहे. अडचण व्यावहारिक आहे: मूळ अकरा कडवी. उपासना लांबली की पाळक म्हणतात, पहिलं, दुसरं आणि शेवटचं घ्या. अशा वेळी अख्खा सिद्धांत एखाद्या कडव्याबरोबर गळून पडतो, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आता आजीचे गुडघे.

आजी म्हणायची, "पुनरुत्थान व्हायचं ते होईल, पण हे गुडघे परत नकोत गं बाई." तीस वर्षं ती जिना बसून बसून उतरली. हा विनोद वाटतो, पण ख्रिस्ती विचारात यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. ऑगस्टीननं 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या २२व्या भागात कापलेली नखं आणि केस परत येणार का, म्हातारे कुठल्या वयाचे उठणार, असे प्रश्न गांभीर्यानं सोडवलेत. उत्तर: साधारण तिशीच्या ऐन भरातलं शरीर, व्यंगं गेलेली. पण हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा राहतील, आणि त्या व्यंग म्हणून नाही तर मान म्हणून. कॅरोलाइन वॉकर बायनम यांचं १९९५ चं पुस्तक याच प्रश्नांचा हजार वर्षांचा इतिहास आहे. हे वाचून हसू येतं, मग थांबतं, कारण या माणसांना एकच काळजी होती: उठणारी व्यक्ती तीच असेल ना?

गीतांमध्ये याला सर्वांत धीट उत्तर चार्ल्स वेस्लीनं दिलं. त्याचं १७३९ चं ईस्टरचं गीत सगळ्यांना माहीत आहे. मला इथे १७५८ चं, ख्रिस्ताच्या पुनरागमनाचं गीत महत्त्वाचं वाटतं. ढगांवरून येणाऱ्या ख्रिस्ताच्या झळाळत्या शरीरावर खिळ्यांचे व्रण अजून आहेत, आणि भक्त ते आनंदानं बघतात. म्हणजे गौरवानं जखम पुसली नाही. योहानाच्या २०व्या अध्यायात थोमाला दाखवलेली तीच जागा. आजीच्या उजव्या हातावर, मनगटापासून वर, चुलीवर भाजल्याचा मोठा डाग होता. माझ्या वडिलांना चुलीपासून ओढताना भाजलेला. गुडघे नकोत, पण तो हात तिनं नको म्हटलेला मला आठवत नाही. पैलतीराच्या गीतात या हाताला जागा नाही. वेस्लीच्या गीतात आहे. माझी तक्रार एवढीच होती, मावशीला नीट सांगता आली नाही.

मराठीत हे सगळं आणखी गुंतागुंतीचं होतं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत १८१३ साली आली, नगरला १८३१ पासून होती. त्यांच्या देशात किनाऱ्याची लाट उसळली तेव्हा ती चालींसकट इकडेही आली. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' राचोलला छापलं गेलं, मराठी ओवीत, आणि स्वर्गासाठी त्यांनी बिनदिक्कत 'वैकुंठ' शब्द घेतला. शब्द घेतला की त्याच्यामागचं घरही येतं. गोव्याच्या कोकणीत ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाला 'पुनर्जिवंतपण' म्हणतात. मला तो शब्द आपल्यापेक्षा बरा वाटतो, त्यात पुन्हा जिवंत होणं सरळ ऐकू येतं. आपलं 'पुनरुत्थान' संस्कृतात उभं असतं, आणि कॉलेजात मी तो शब्द उच्चारला की निम्म्या मैत्रिणी 'पुनर्जन्म' ऐकतात.

नारायण वामन टिळकांनी, १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं, अभंगाचं वळण ख्रिस्ती गायनात आणलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांच्या गीतांत मला सर्वांत जास्त जाणवते ती ख्रिस्ताशी एकरूप होण्याची ओढ, आणि अशा ओढीत देह बहुतेक वेळा मागे सोडायची गोष्ट असतो. पण त्याच पुलाच्या दुसऱ्या टोकाला देहू आहे, बीज आहे, आणि तुकाराम *सदेह* वैकुंठाला गेले ही श्रद्धा आहे. म्हणजे मराठी कानाला देहासकट जाणं परकं नाही! फक्त ते एका विरळ्या संतासाठी राखून ठेवलेलं. ख्रिस्ती दावा उलटा: सगळ्यांसाठी, पण आत्ता नाही, आणि जाणं नाही, उठणं. 'सदेह' हा शब्द एखाद्या मराठी ख्रिस्ती कवीनं अंत्यविधीच्या गीतात घ्यावा, असं मला फार वाटतं.

आपल्या वर्तमानपत्रांतल्या ख्रिस्ती निधनवार्ता बघा: 'प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.' ही जुनी भाषा आहे. इंग्रजीत कबरस्तानाला जो शब्द आहे तो मूळ ग्रीकमध्ये झोपायची जागा असा आहे. झोपलेला माणूस कुठे गेलेला नसतो, तो उठायचा असतो. गीत नदीपलीकडे जातं तेव्हाही निधनवार्ता घट्ट धरून बसलीय. विश्वास कुठे जपला जातो याचा काही नेम नाही.

या जूनमध्ये आजीच्या वर्षदिनाची प्रार्थना होती. मावशीचा फोन आला, "एवढं शिकलीस, तर गीत तूच निवड." मी पुनरुत्थानाचं एक गीत कळवलं. संध्याकाळी पेटी वाजवणारे काका म्हणाले, "बाळा, ते ईस्टरचं आहे. जूनमध्ये कसं म्हणायचं?" आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन वर्षं मी गीतं वाचत होते, पण पुस्तकाची अनुक्रमणिका कधी नीट वाचली नव्हती. उठण्याची गीतं एका सणाखाली, मरणाची गीतं दुसऱ्या मथळ्याखाली, मध्ये शंभरेक पानं. कुणाच्याही मयतीला ईस्टरचं पान उघडतच नाही.

मावशी म्हणाली, "आधी आईचं म्हणू, मग हिचं." तसंच केलं. काकांनी ईस्टरचं गीत एक पट्टी खाली घेतलं, कारण सकाळी सात वाजता कुणाचाच आवाज लागत नव्हता.